‘कमी कार्बचं पीठ’ मागणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

“कमी कार्बचं पीठ आहे का?” “गव्हात काय मिसळून दळू म्हणजे शुगर वाढणार नाही?” हल्ली दळणाच्या रांगेत हे रोज विचारलं जातं. गर्दीत नीट सांगता येत नाही, म्हणून हा कागद.

आधी विनंती. गहू-ज्वारीत शेंगदाणे, जवस किंवा तीळ मिसळून दळायला आणू नका. डबा वरून गव्हाचाच दिसतो आणि दाणे ओतल्यावर कळतात. चालू गिरणीचा दगड तापलेला असतो. त्यात तेलबी सापडली की तेल सुटतं, पीठ दगडाच्या खाचांत लिंपून बसतं आणि खाली गोळे पडू लागतात. मग गिरणी बंद करायची, दगड उघडून खरवडायचा, कधी टाकी लावायची, म्हणजे दगडाच्या खाचा पुन्हा कोरायच्या, आणि वास जाईपर्यंत घरचं धान्य दळून काढायचं. तोवर मागे रांग खोळंबलेली. शिवाय शेंगदाण्याचा अंश पुढच्या माणसाच्या पिठात जातो. काहींना दाण्याची ॲलर्जी असते, त्यांच्या बाबतीत हा खेळ नाही. म्हणून आम्ही प्रत्येक डब्यात हात घालून बघतो. राग मानू नका.

आणि एवढं करून हाती काय लागतं, तेही बघा. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजेच तुम्ही म्हणता ते कार्ब, असतात. १० किलो गव्हात १ किलो जवस घातलं आणि जवसातला चोथा हिशोबात धरला नाही, तरी आकडा ६४ च्या आसपासच येतो. म्हणजे तीन पोळ्यांमागे जेमतेम ५ ग्रॅमचा फरक. तीनातली एक पोळी कमी केली, तर २० ग्रॅम सरळ वाचतात आणि खर्च शून्य.

ज्वारी, बाजरी, नाचणीचंही तसंच. चोथा आणि खनिजं यासाठी ती जरूर खा, आम्हीही घरी भाकरीच खातो. पण कर्बोदकं गव्हाच्या जवळपासच आहेत. ‘भाकरी आहे, चालते’ म्हणून दोनाच्या तीन झाल्या, की फायदा गेला. बेसनात प्रथिनं जास्त, तरी १०० ग्रॅममागे ५५-६० ग्रॅम कर्बोदकं आहेतच. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. उपासाच्या दिवशी मोठी ताटली खिचडी खाऊन शुगर का वाढली, असं विचारू नका.

बदामाचं पीठ आम्ही ठेवत नाही. ज्याला महिन्याचा किराणा मोजून भरायचा आहे, त्याला ते परवडणारं नाही आणि त्याची गरजही नाही. ताट तेच ठेवा, वाटे बदला. भाकरी एक, भाजी दुप्पट. कोबी, दुधी, मेथी, शेपू, वांगी, पाल्यासकट मुळा, जे त्या आठवड्यात स्वस्त असेल ते. भाकरी कमी केल्यावर पोट भरायला प्रथिनं आणि तेल-तूप लागतं, इथेच बहुतेक जण चुकतात आणि दोन तासांनी बिस्किटाचा पुडा फोडतात. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं आणि कर्बोदकं नावापुरती. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ग्रॅमच्या वर प्रथिनं. कोशिंबिरीत कूट सढळ घाला, जोडीला दही किंवा ताक घ्या. चालत असेल त्यांनी सुकट घ्यावी.

रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतं, ते कुणी सोडावं असं आम्ही म्हणणार नाही. घरातल्या वाढत्या मुलांना आणि अंगमेहनत करणाऱ्यांना पोळी-भात लागतोच. एकाच्या पथ्यापायी सगळ्या घराचं ताट बदलू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भाकरी-भात एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. औषध तेवढंच राहिलं तर शुगर धोक्याइतकी खाली जाऊ शकते.

कूट आणि जवस घरीच मिक्सरवर करा. आधी भाजा, पूर्ण गार होऊ द्या आणि मिक्सर थांबत-थांबत फिरवा. सलग फिरवला की तेल सुटून लगदा होतो. ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी जवसाची आणि कारळ्याची चटणी व दाण्याचा कूट आमच्याकडे मिळतो. पुड्या लहान आहेत, कारण हा माल लवकर खवट होतो. मोठी पुडी मागितली तरी देत नाही.

सोयाबीन मात्र गव्हासोबत दळून देतो, ९ किलोला १ किलो, त्याहून जास्त नाही. कच्चं आणू नका. ते पचायला जड आणि पिठाला उग्र वास येतो. उकळत्या पाण्यात २०-२५ मिनिटं उकळा, कडक उन्हात खडखडीत वाळवा, मग आणा. ओलसर दाणाही दगडाला चिकटतोच. या पिठात प्रथिनं वाढतात, कर्बोदकं फारशी घटत नाहीत, हे माहीत असू द्या. सोयाबीनचं दळण फक्त बुधवारी दुपारी, साधी दळणं संपल्यावर घेतो. डब्यावर नावासोबत ‘सोया’ असं ठळक लिहा.