संक्रामक रोगांचे साथरोगशास्त्र : मूलभूत संकल्पना

माणसाकडून माणसाला, प्राण्याकडून माणसाला किंवा पाणी, अन्न, कीटक यांच्यामार्फत पसरणाऱ्या रोगांना संक्रामक रोग म्हणतात. असे रोग कोणाला, कुठे, केव्हा होतात आणि त्यांचा फैलाव कशाने रोखता येतो, हे एकेका रुग्णापुरते न पाहता अख्ख्या लोकसमूहात तपासणारी शाखा म्हणजे साथरोगशास्त्र. डॉक्टरपुढे रुग्ण असतो. साथरोगतज्ज्ञाला आजारी पडलेले आणि न पडलेले दोन्ही मोजावे लागतात, आणि पुष्कळदा न पडलेलेच जास्त सांगून जातात.

हे १८४६ साली फेरो बेटांवर फार स्पष्ट दिसले. उत्तर अटलांटिक महासागरातल्या या बेटांवर त्या वर्षी गोवर आला आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० च्या आसपास लोकांना झाला. पेटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गावोगाव फिरला. वस्त्या विखुरलेल्या, ये-जा होडीनेच आणि तीही क्वचित. त्यामुळे कोण कोणाला कोणत्या दिवशी भेटले, हे तारखेनिशी सांगता येत होते. संपर्कानंतर १३-१४ दिवसांनी पुरळ उठते, हे त्याने या तारखांवरून ताडले. बेटांवर यापूर्वीची गोवराची साथ १७८१ मध्ये येऊन गेली होती. तेव्हा गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो ६५ वर्षांनी पुन्हा झाला नाही. तेव्हा सुटलेले म्हातारे मात्र या वेळी सापडले. संरक्षण वयाने मिळत नाही, पूर्वीच्या आजाराने मिळते आणि ते दीर्घकाळ टिकते, हे त्या काळी कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय कळले.

लागण आणि रोग. बोलण्यात आपण ‘लागण झाली’ आणि ‘आजार झाला’ हे एकाच अर्थाने वापरतो. शास्त्रात हा भेद पाळावाच लागतो. जंतू शरीरात शिरून वाढू लागला की लागण झाली. लक्षणे दिसली की रोग. पोलिओच्या विषाणूची लागण झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, आणि कायमचा लुळेपणा येतो तो साधारण २०० पैकी एकाला. म्हणजे एक लुळे मूल दिसते तेव्हा विषाणू शेकडो जणांतून फिरून गेलेला असतो. लक्षणे नसताना जंतू बाहेर टाकत राहणाऱ्याला वाहक म्हणतात. विषमज्वराची वाहक असलेली न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन हे त्याचे गाजलेले उदाहरण. १९०७ मध्ये ती वाहक असल्याचे उघड झाले आणि तिला वेगळे ठेवले गेले. स्वयंपाक न करण्याच्या अटीवर १९१० मध्ये तिची सुटका झाली, पण १९१५ मध्ये ती एका प्रसूतिरुग्णालयात नाव बदलून स्वयंपाक करताना सापडली. त्यानंतर १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिला एका बेटावर वेगळे ठेवले होते. स्वतःला धडधाकट वाटणाऱ्या बाईला हे पटणे अवघडच होते.

जंतू जिथे टिकून राहतो आणि वाढतो तो त्याचा साठा : माणूस, प्राणी किंवा माती. वाहक हा या साठ्याचाच भाग. डासासारखा रोग वाहून नेणारा कीटक ही मात्र वेगळी गोष्ट. मराठीत दोघांनाही ‘वाहक’ म्हणत असल्याने घोटाळा होतो, म्हणून तिथे ‘कीटकवाहक’ म्हणावे.

दोन घड्याळे. लागण होण्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंतचा काळ म्हणजे परिपाक काल. पटकीत तो काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत असतो, तर कुत्रा चावल्यानंतरच्या रेबीजमध्ये बहुधा दोन-तीन महिने. दुसरे घड्याळ संसर्गक्षम कालाचे, म्हणजे रुग्ण इतरांना रोग देऊ शकतो तो काळ. ही दोन घड्याळे एकमेकांशी कशी जुळतात, यावर साथ आटोक्यात येणार की नाही हे बरेचसे ठरते. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून संसर्ग देतो. पुरळ पाहून त्याला वेगळे ठेवावे तोवर उशीर झालेला असतो. २००३ च्या सार्समध्ये रुग्ण सर्वाधिक संसर्गक्षम होई तो आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे बहुधा अंथरुणाला खिळल्यावर. म्हणून रुग्ण शोधून वेगळे ठेवण्याच्या जुन्या उपायानेच ती साथ काही महिन्यांत थांबली. कोविड-१९ मध्ये लोक लक्षणांआधी आणि सौम्य आजार अंगावर काढताना हिंडत राहिले, आणि तोच उपाय अपुरा पडला.

मोजमाप. समजा, सहा जणांच्या घरात एकाला गोवर झाला. उरलेल्या पाचांपैकी दोघांना तो पूर्वीच होऊन गेला आहे. धोका असलेले तिघेच. त्यांतले दोघे परिपाक कालाच्या अवधीत आजारी पडले, तर दुय्यम लागण दर, म्हणजे पहिल्या रुग्णानंतर धोका असलेल्यांपैकी किती जण आजारी पडले ते प्रमाण, तीनात दोन, म्हणजे सुमारे ६७ टक्के. पाचात दोन नव्हे. पहिल्या रुग्णाच्या दुसऱ्याच दिवशी कोणाला पुरळ आले, तर ते या हिशेबात धरत नाहीत, कारण दोघांना बहुधा एकाच बाहेरच्या ठिकाणी लागण झालेली असते. छेदस्थानी कोणाला घ्यायचे, इथेच बहुतेक चुका होतात.

कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात एक रुग्ण सरासरी किती जणांना रोग देतो, ती मूळ प्रजनन संख्या. गोवरासाठी ती १२ ते १८ धरली जाते. ती केवळ जंतूचा गुण नव्हे. माणसे किती दाटीने राहतात, किती जणांना भेटतात, यावरही ती ठरते. एक रुग्ण १५ जणांना रोग देणार असेल, तर साथ वाढू नये म्हणून त्या १५ पैकी १४ जण, म्हणजे ९३ टक्के, सुरक्षित हवेत. पुरेसे लोक सुरक्षित असले की उरलेल्यांचाही बचाव होतो, ती समूह प्रतिकारशक्ती; तिचा हिशेब एवढाच आहे. धनुर्वाताला तो लागू पडत नाही : त्याचा जंतू मातीतून येतो, शेजाऱ्याकडून नाही, त्यामुळे शेजाऱ्याने लस घेतली म्हणून आपला बचाव होत नाही.

साथ. एखाद्या भागात, ठरावीक काळात, नेहमीपेक्षा जास्त रुग्ण आढळले की ती साथ. मोठा आकडा ही तिची अट नाही. देवीचा एक रुग्ण आज निघाला तरी ती साथच ठरेल. नेहमीच्या प्रमाणात कायम टिकून असलेला रोग तो प्रदेशनिष्ठ, आणि अनेक देशांत, खंडांत पसरलेली साथ ती महासाथ. यातला कोणताही शब्द रोगाची तीव्रता सांगत नाही. तीव्रतेसाठी रुग्णांपैकी किती दगावले ते पाहतात, आणि सौम्य रुग्ण मोजणीतून सुटले की तो आकडा फुगतो.

निर्मूलन. नियंत्रण म्हणजे रोगाचे प्रमाण खाली आणणे. उच्चाटन म्हणजे एका प्रदेशातून तो हटवणे. निर्मूलन म्हणजे जगातूनच. नैसर्गिकरीत्या देवी झालेला शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि मे १९८० मध्ये निर्मूलन जाहीर झाले. देवीला प्राण्यांत साठा नव्हता, दीर्घकाळचे वाहक नव्हते, पुरळ कोणालाही ओळखता येई आणि संसर्ग मुख्यतः लक्षणे दिसल्यानंतरच होई. हे सगळे एकत्र जुळून आले म्हणून देवी गेली; माणसाचा दुसरा कोणताही रोग अजून जगातून गेलेला नाही. २०११ मध्ये निर्मूलन जाहीर झालेला बुळकांडी हा गुरांचा रोग आहे.