क्षमा (ख्रिस्ती धर्म)

ईश्वराने माणसाच्या पापाचा हिशेब सोडून देणे आणि माणसाने आपल्या अपराध्याला त्याच रीतीने मोकळे करणे, या दोन्ही अर्थांनी ख्रिस्ती परंपरेत क्षमा हा शब्द येतो. ईश्वराची दया, त्याचा क्रोध आणि माणसाचा राग या तिन्ही विषयांची गाठ या एका संज्ञेत पडते.

मराठीतील ‘क्षमा’ संस्कृत ‘क्षम्’ म्हणजे सोसणे या धातूवरून आली. बायबलमधील शब्दांचा रोख मात्र सोसण्यापेक्षा सोडण्याकडे आहे. ग्रीक ‘अफिएमी’ आणि सिरियाक (अरामीची एक बोली, पूर्वेकडील चर्चची धर्मभाषा) ‘श्बक्’ या दोन्हींचा मूळ अर्थ सोडणे, जाऊ देणे. येशूची बोलभाषा असलेल्या अरामीतील ‘होबा’ म्हणजे कर्जही आणि पापही. त्यामुळे मराठी कानाला ‘क्षमाशील’पेक्षा ‘कर्जमाफी’ हा शब्द मूळ कल्पनेच्या अधिक जवळ नेतो.

येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘आम्ही आपल्या ऋण्यांना सोडले आहे तसे तू आमची ऋणे सोड’ अशी याचना आहे. तिच्यावर म्हणूनच बरीच चर्चा झाली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात (६:१२) ‘ऋणे’ आहेत. लूकच्या शुभवर्तमानात (११:४) ‘पापे’ आहेत, पण त्याच वाक्याच्या उत्तरार्धात ‘ऋणी’ शिल्लक राहिला आहे. यावरून मूळ अरामी शब्द ऋणवाचक असावा आणि लूकने ग्रीक वाचकांसाठी अर्थ उलगडून सांगितला असावा, असे सामान्यतः मानले जाते. मत्तयमधील ‘आम्ही सोडले आहे’ या क्रियापदाच्या काळाविषयीही मतभेद आहेत. सिनायटिकस (नंतरच्या दुरुस्त्यांपूर्वीचे मूळ लेखन) व व्हॅटिकानस या बायबलच्या चौथ्या शतकातील हस्तलिखित प्रतींत ‘अफेकामेन’ (सोडले आहे) असा पाठ आहे. नंतरच्या बहुसंख्य प्रतींत वर्तमानकाळ (‘सोडतो’) आढळतो. पहिल्या शतकाच्या अखेरचा किंवा दुसऱ्याच्या आरंभीचा मानला जाणारा ‘डिडाखे’ हा ख्रिस्ती आचारग्रंथही वर्तमानकाळच देतो. लूकमधील वर्तमानकाळाशी जुळवून घेण्याचा नकलाकारांचा कल लक्षात घेता भूतकाळाचा पाठ मूळचा असणे अधिक संभवनीय दिसते. मराठी पवित्र शास्त्राच्या प्रचलित भाषांतरातही तोच आहे. मग आधी आपण क्षमा करायची आणि नंतर ती मिळवायची, असा सौदा यात आहे काय? जर्मन बायबल-अभ्यासक योआखिम येरेमियास यांच्या मते या भूतकाळामागे ‘हे म्हणता म्हणताच आम्ही सोडत आहोत’ अशी अरामी वाक्यरचना आहे. हे मत सयुक्तिक वाटते.

ईश्वराच्या क्रोधाविषयी मूलभूत वचन जुन्या करारातील निर्गम ३४:६ हे होय. तेथील हिब्रू ‘एरेख् अप्पायिम्’चा शब्दशः अर्थ ‘लांब नाकाचा’ असा होतो. ‘अफ्’ म्हणजे नाक आणि रागही. मराठीतही राग नाकावरच असतो. मराठी बायबलने त्यासाठी ‘मंदक्रोध’ हा नेमका शब्द योजला आहे. करुणेसाठी येणारा ‘रहामीम’ हा शब्द ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय याच्याशी संबंधित आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन या ख्रिस्ती विचारवंताने क्रोधाचा देव आणि दयेचा देव वेगळे मानले. चर्चने ते नाकारले. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकाने ‘दे इरा देई’ (देवाच्या क्रोधाविषयी) या ग्रंथात मांडले की, ज्याला अन्यायाची चीड येत नाही त्याला चांगल्याबद्दल प्रेमही असू शकत नाही. तेराव्या शतकातील धर्मपंडित थॉमस अक्वायनसच्या मते मात्र ईश्वराच्या ठिकाणी क्रोध हा विकार नसून न्यायदंडाचे रूपक आहे.

मत्तय १८:२३–३५ मधील दृष्टांतात राजा आपल्या दासाचे कर्ज सोडतो, पण तोच दास आपल्या सोबत्याचे छोटे कर्ज सोडत नाही. हा दृष्टांत आकड्यांवर उभा आहे. राजाच्या दासाचे कर्ज १०,००० तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी झाली. येशूच्या काळातील शासक हेरोद अंतिपास याला गालील व पेरिया येथून वर्षाला २०० तालांत मिळत, असे पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसीफस सांगतो. म्हणजे हे कर्ज दोन प्रांतांच्या ५० वर्षांच्या वसुलीएवढे होते. दासाचे सोबत्याकडून येणे १०० दीनार. ही रक्कमही किरकोळ नाही, तीन-चार महिन्यांची मजुरी आहे. प्रवचनांत ती क्षुल्लक ठरवली जाते, तेव्हा दुखावलेल्या माणसावर अन्याय होतो. दृष्टांतात त्याचे येणे खरेच मानले आहे.

आचरणाचा क्रम मत्तय १८:१५–१७ मध्ये दिला आहे : आधी अपराध्याला एकांतात गाठून दोष दाखवावा, न ऐकल्यास एक-दोन साक्षीदार न्यावेत, तरीही न ऐकल्यास मंडळीला कळवावे. पहिली पायरी गाळून थेट चारचौघांत विषय काढला की अपराधी बचावाला उभा राहतो आणि पश्चात्तापाची वाट बंद होते. रागाला नव्या करारातील इफिसकरांस पत्रात (४:२६) सूर्यास्ताची मुदत आहे. राग येणे तेथे पाप ठरवलेले नाही, तो मुरवणे धोक्याचे मानले आहे. क्षमा एकट्याला करता येते, समेटाला मात्र दोघे लागतात. हा भेद न पाळल्याने छळ सोसणाऱ्या व्यक्तीला पुन्हा त्याच घरात धाडले जाते. सूड सोडणे म्हणजे तक्रार मागे घेणे नव्हे.

कॅथलिक पंथात पापनिवेदनाला (कोकणीत कुमसार) पश्चात्ताप, कबुली व प्रायश्चित्त ही तीन अंगे आहेत. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ते वर्षातून किमान एकदा आवश्यक ठरवले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ईस्टरपूर्वीच्या महाउपवासाच्या तोंडावर, रविवारच्या सायंप्रार्थनेनंतर प्रत्येक जण प्रत्येकासमोर वाकून क्षमा मागतो. यातून धर्मगुरूही सुटत नाही. केरळमधील सिरियन परंपरेच्या चर्चमध्ये असाच विधी उपवासाच्या पहिल्या सोमवारी होतो. त्याचे नाव ‘शुबकोनो’ हे ‘श्बक्’ या धातूवरूनच आले आहे.