आईकडून बाळाकडे जाणारी आवश्यक फॅटी ॲसिड्स

शरीराला लागतात पण शरीर स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातूनच मिळवावी लागतात अशा फॅटी ॲसिड्सना आवश्यक फॅटी ॲसिड्स म्हणतात. मुळात अशी दोनच आहेत, ओमेगा-६ मधलं लिनोलेइक ॲसिड आणि ओमेगा-३ मधलं अल्फा-लिनोलेनिक ॲसिड. यांच्यापासून शरीर पुढे लांब साखळीची ॲसिड्स तयार करतं, त्यातली दोन इथे सारखी येणार आहेत, ओमेगा-६ मधलं ॲराकिडॉनिक ॲसिड म्हणजे एआरए आणि ओमेगा-३ मधलं, २२ कार्बनचं डीएचए. मेंदूत आणि डोळ्याच्या रेटिनात डीएचए भरपूर असतं. आता तांत्रिकदृष्ट्या ही दोन 'आवश्यक' नाहीत, पण पोटातल्या बाळाची ती बनवायची ताकद फारच कमी असते आणि वारेकडेही (म्हणजे प्लासेंटाकडेही) त्यासाठी लागणारी एन्झाइम्स जवळजवळ नसतातच, त्यामुळे बाळासाठी तीही आवश्यकच धरायची.

फॅटमधलं काहीतरी अत्यावश्यक असतं हे १९२९ मध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्याने दाखवलं. त्यांनी उंदरांना फॅट अजिबात नसलेलं खाणं दिलं तर त्यांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले आले, किडन्या बिघडल्या. त्याआधी फॅट म्हणजे नुसतं इंधन असाच समज होता.

बाळाला हे सगळं पोचतं वारेतून. वार म्हणजे प्लासेंटा, नाळ वेगळी, बोलताना लोक दोन्हीला नाळच म्हणतात म्हणून सांगितलं. वार ही नुसती गाळणी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं अजिबात नाही, ती चक्क निवड करते. आईच्या रक्तात फॅट ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे तीन फॅटी ॲसिड्स एकत्र जोडलेल्या मोठ्या रेणूच्या रूपात फिरत असतं आणि ते अख्खं पलीकडे जाऊच शकत नाही. वारेच्या पेशींवर आईच्या रक्ताच्या बाजूला केसांसारखे बारीक उंचवटे असतात, तिथे लायपेज नावाची एन्झाइम्स बसलेली असतात, ती ट्रायग्लिसराइड तोडतात, फॅटी ॲसिड सुटं होतं, मग वाहक प्रोटीन्स त्याला आत ओढतात, आतली दुसरी प्रोटीन्स पुढे नेतात आणि पलीकडे बाळाच्या रक्तातली अल्ब्युमिन आणि अल्फा-फीटोप्रोटीन ही प्रोटीन्स ते उचलतात. यातलं अल्फा-फीटोप्रोटीन डीएचएला विशेष घट्ट धरतं.

निवडीचा पुरावा नाळेच्या रक्तात दिसतो. जन्माच्या वेळी आईचं आणि नाळेतलं रक्त शेजारी ठेवून तपासलं तर लिनोलेइक ॲसिडचं प्रमाण आईकडे जास्त आणि बाळाकडे बरंच कमी असतं, पण एआरए आणि डीएचएचं बरोब्बर उलटं, बाळाकडे जास्त. म्हणजे आईकडे कमी असलं तरी आधी बाळाचा वाटा निघतो. गरोदरपणातल्या डायबिटिसमध्ये मात्र हे गणित बिघडतं, आईच्या रक्तात डीएचए ठीक असूनही नाळेच्या रक्तात कमी भरतं.

वेळेचाही मोठा भाग आहे. पहिले साधारण सहा महिने आईचं शरीर फॅट साठवतं, शेवटच्या तिमाहीत तेच साठे मोकळे करतं, कारण तेव्हा इन्सुलिनचा असर कमी होतो, आणि रक्तातली ट्रायग्लिसराइड्स दुप्पट-तिप्पट होतात. एरवी असा रिपोर्ट आला तर घाबरायला होईल, पण इथे तो अपेक्षितच आहे. याच काळात मेंदू झपाट्याने वाढतो आणि बाळाच्या अंगावर चरबी चढते, पूर्ण दिवसांच्या बाळाच्या वजनात १२ ते १५ टक्के चरबी असते. अठ्ठावीसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचा नेमका हाच सगळा हप्ता चुकतो.

मग गोळ्या घ्यायच्या का? गरोदर आणि पाजणाऱ्या आईला रोज किमान २०० मिलिग्रॅम डीएचए मिळावं असं तज्ज्ञ सांगतात. जवसासारख्या बियांमधलं ओमेगा-३ चांगलंच, पण त्यातलं फार थोडं डीएचएपर्यंत पोचतं, त्यामुळे मासे किंवा शैवालाचं तेल हाच सरळ रस्ता. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक ट्रायल्सचे निकाल एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, ओमेगा-३ मुळे ३७ आठवड्यांआधीची बाळंतपणं १३.४ वरून ११.९ टक्क्यांवर आलेली दिसली. बाळ हुशार होतं ही जाहिरात मात्र फार मनावर घेऊ नका, ऑस्ट्रेलियात जवळपास २४०० बायकांवर झालेल्या ट्रायलमध्ये रोज ८०० मिलिग्रॅम डीएचए देऊनही दीड वर्षाच्या मुलांच्या आकलनात फरक दिसला नव्हता.

जन्मानंतर हेच काम दूध करतं. मधल्या लांबीची फॅटी ॲसिड्स स्तनातल्या ग्रंथी स्वतः बनवतात, आवश्यक असलेली मात्र आईच्या रक्तातूनच घ्यावी लागतात, आणि त्यातलं लिनोलेइक बरंचसं आईच्या जुन्या साठ्यातून येतं, कालच्या जेवणातून कमी. पंपने काढलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवलं की वर पिवळसर साय जमते ना, ही सगळी ॲसिड्स त्या थरात असतात. कधीकधी त्याच दुधाला साबणासारखा वास येतो, तो दुधातल्याच लायपेजमुळे, ते थंडीतही फॅट तोडत बसतं, दूध खराब झालेलं नसतं.

दुधातल्या फॅटमध्ये जगभराची सरासरी डीएचए ०.३२ टक्के आणि एआरए ०.४७ टक्के आहे. डीएचए आईच्या खाण्याप्रमाणे खूप वरखाली होतं, एआरए त्यामानाने स्थिर. २०२० पासून युरोपियन युनियनमध्ये बाळांच्या फॉर्म्युला पावडरमध्ये डीएचए सक्तीचं आहे, एआरए नाही, आणि आईच्या दुधात दोन्ही असताना पावडरमध्ये एकच का, यावर बऱ्याच तज्ज्ञांनी हरकत घेतली आहे.