गुत्ता

गुत्ता (पुल्लिंगी, अनेकवचन गुत्ते) : देशी दारूचे परवाना असलेले दुकान. कोल्हापूरच्या बोलीत शब्दाचा हाच अर्थ चालतो. मूळ अर्थाशी मात्र दारूचा काही संबंध नाही.

गुत्ता म्हणजे मक्ता. कन्नडमध्ये ‘गुत्तिगे’ म्हणजे कंत्राट. कागल सोडून निपाणीकडे गेले की रस्त्याचे काम घेणारा आजही ‘गुत्तिगेदार’ असतो, आणि मराठवाड्यात ‘गुत्तेदार’. कोल्हापुरात त्याच माणसाला ठेकेदार म्हणतात. गुत्ता तेवढा दारूकडे राहिला. त्याचे कारण जुन्या अबकारी पद्धतीत आहे. दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकार लिलावात मक्त्याने देई. मक्ता घेणारा तो गुत्तेदार. पुढे त्याच्या दुकानालाच गुत्ता म्हणू लागले. सरकारी महसुलाची ही खूण शब्दात अजून शाबूत आहे, म्हणून तो नीट समजून घ्यावासा वाटतो.

कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. आजचे परवानेही त्याच कायद्याखाली मिळतात. दुकानाच्या पाटीवर ‘सरकारमान्य देशी दारू दुकान’ असे लिहिलेले असते. ‘गुत्ता’ पाटीवर कधी येत नाही, तो लोकांच्या तोंडी आहे.

आणि तोंडी आहे तो कमीपणा आणणारा. परमिट रूममध्ये माणूस ‘बसतो’, गुत्त्यावर ‘पडलेला असतो’. ‘त्यो घरात न्हाई गावायचा, गुत्त्यावर बघा,’ हे वाक्य ज्या घरातून येते, तिथे त्यात राग कमी आणि थकवा जास्त असतो. पिणारा स्वतः सहसा गुत्ता म्हणत नाही. ‘दुकानाकडं जाऊन येतो’ म्हणतो. शब्द वापरतात ते घरचे, विशेषतः बायका. गावातले दुकान बंद करण्याच्या लढ्यातही त्याच पुढे असतात. 2008 च्या सरकारी आदेशाप्रमाणे 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर गुप्त मतदान घेता येते. चिन्हे दोन : दुकान राहावे यासाठी उभी बाटली, बंद व्हावे यासाठी आडवी.

गुत्ता आणि अड्डा यांत फरक आहे. हातभट्टीची दारू चोरून विकली जाते तो अड्डा. गुत्त्याला परवाना असतो. रागाच्या भरात दोन्हींना गुत्ताच म्हटले जाते.