बिंदूचित्र

बिंदूचित्र : चौरस पृष्ठभागावर एक गडद वर्तुळ ठेवून त्याभोवती वर्तुळे, त्रिकोण व पट्टे रचत नेण्याची अमूर्त चित्रपद्धती. सय्यद हैदर रझा (22 फेब्रुवारी 1922 – 23 जुलै 2016) यांच्यामुळे ती आधुनिक भारतीय कलेत रुजली.

रझांचा जन्म आजच्या मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा, वडील वनखात्यात. तेव्हाच्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर, त्यामुळे चित्रकलेचे पहिले शिक्षण (1939–43) नागपूरच्या कलाशाळेत झाले, मग मुंबईचे जे. जे. स्कूल. 1947 च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये (मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांचा गट) त्यांच्यासोबत असलेले ह. अं. गाडे हे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे.  1950 मध्ये रझा पॅरिसला गेले आणि पुढची साठ वर्षे फ्रान्समध्ये राहिले. निसर्गचित्रांकडून ते बिंदूकडे वळले ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. ‘मां’ (1981) आणि ‘सौराष्ट्र’ (1983) ही या काळातली महत्त्वाची चित्रे. 2010 च्या अखेरीस ते दिल्लीत परतले. दफन मात्र मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी झाले.

बिंदूचे मूळ रझा स्वतः आपल्या शाळेतल्या एका प्रसंगात सांगत. चंचल मुलाला शिक्षकांनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसायला लावले, एवढीच ती गोष्ट. तंत्रशास्त्रातला बिंदू पुढे तिला येऊन मिळाला. श्रीयंत्रात, म्हणजे देवीपूजेच्या भौमितिक आकृतीत, नऊ त्रिकोण (चार ऊर्ध्वमुख, पाच अधोमुख) एकमेकांना छेदतात आणि त्यांच्या गाभ्यात बिंदू असतो. सृष्टी तिथून उमलते व तिथेच मिटते. रझांच्या चित्रांतले प्रकृती-पुरुष, बीज, अंकुरण, कुंडलिनी हे विषय त्याच विचारातले. काळा, पांढरा, लाल, पिवळा, निळा हे पाच रंग पंचमहाभूतांशी जोडले जातात. जन्माने मुसलमान असलेल्या चित्रकाराने हे सारे सहज आपले मानले. धुऱ्यावरच्या शेंदूर फासलेल्या दगडाला नाक-डोळे नसले तरी हात जोडणाऱ्या वाचकाला अमूर्त रूप नवे नाही. पण कोणताही गोल ठिपका म्हणजे बिंदू, हा समज चुकीचा आहे. भोवतालची रचना नजरेला आत ओढत नसेल, तर ते नुसते वर्तुळ.

कृती. 60 × 60 सेंमी कॅनव्हासवर जेसोचे (रंगाआधी द्यायचे पांढरे अस्तर) दोन पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवावा. कर्ण आखून मध्य काढावा, मग बिंदूचे केंद्र त्याच्या साधारण 1 सेंमी वर धरावे, कारण बरोबर मध्यावर काढलेले वर्तुळ डोळ्याला खाली घसरल्यासारखे दिसते. व्यास 20 ते 24 सेंमी. सुतळी ताणली की वर्तुळ अंडाकृती होते. त्याऐवजी दोन भोके पाडलेली लाकडी पट्टी खिळ्याभोवती फिरवावी. बाहेरची 1 ते 1.5 सेंमी रुंदीची वर्तुळे आधी, फिक्याकडून गडदाकडे रंगवत आत यावे, बिंदू शेवटी. कड काढताना हात वळवू नये, कॅनव्हास वळवावा. टेप गोलाईवर नीट बसत नाही. रझांच्या चित्रांतल्या कडाही हाताच्याच आहेत आणि त्यांतली किंचित थरथर चित्राला जिवंत ठेवते.

सगळ्यात फसतो तो काळा. ट्यूबमधला काळा थेट एका हातात लावला तर तो मेल्यासारखा सपाट दिसतो आणि ब्रशचे फटकारे उघडे पडतात. खाली अल्ट्रामरीन (गडद निळा) व बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून एक थर, तो पूर्ण वाळल्यावर काळ्याचे दोन पातळ थर, असे केल्यास खोली येते. ॲक्रिलिकमध्ये (पाण्यात मिसळणारा, लवकर वाळणारा रंग) पाणी फार झाले की बंध सुटून रंग भुकटीसारखा हाताला लागतो. अर्धवट वाळलेल्या थरावर पुन्हा ब्रश फिरवला तर खालचा थर सोलून निघतो. एप्रिल-मेमध्ये पारा 44 अंशांवर गेला की ही चूक हमखास होते, कारण रंग पाहता पाहता वाळतो. अशा दिवसांत काम सकाळी नऊच्या आत आटोपावे व रंगाच्या ताटलीवर ओले फडके ठेवावे.

शाळेच्या चुन्याच्या भिंतीवर काढायचे असेल तर सुटा चुना खरवडून प्रायमर मारावा. नाहीतर पोपडे निघतात. लोणा लागलेली भिंत टाळावी, रंगाखालून क्षार वर येतातच. शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर ॲक्रिलिक नकोच, ओल कोंडून त्याचा पापुद्रा सुटतो. तिथे गेरू, पांढरी माती आणि दिव्याची काजळी बरी. एक भाग बाभळीचा डिंक दोन भाग पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळावा. काजळी तेलकट असल्याने पाण्यावर तरंगते. म्हणून आधी थोड्या डिंकात घोटून लगदा करावा, मग पाणी घालावे. डिंक कमी पडला तर काळे बोटाला येते, जास्त झाला तर भेगा पडतात. पावसाचा सपकारा भिंतीचा खालचा भाग धुऊन नेतो, तेव्हा बिंदू ओट्यापासून चार फूट तरी वर, वळचणीखाली घ्यावा.