हॅकिंग जॅकेट आणि हंट कोट: हा स्वार निघालाय कुठे?

दत्त जयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी स्केचबुक घेऊन फिरत होते. तापीकाठची सकाळ, बोटं आखडलेली, सगळीकडे चाऱ्याचा आणि ओल्या मातीचा वास. एक जण घोडीवर बसल्या बसल्या जाकिटाच्या खिशातून फोन काढायला धडपडत होता. खिसा नेहमीसारखा, सरळ आडवा. मांडी वर आलेली, अंग जरा पुढे झुकलेलं, त्यामुळे पोटाखाली कापडाची दुमड पडली होती आणि खिशाचं पुढचं टोक नेमकं त्या दुमडीत चेपलं होतं. शेवटी तो रिकिबीत उभा राहिला तेव्हा फोन निघाला. त्या दिवशी मी घोड्यांची, झुलींची, फेट्यांची पुष्कळ चित्रं काढली. पण कामाचं ठरलं ते त्या दुमडीचं चित्र.

माझ्या शेवटच्या वर्षाचा विषय आहे घोडेस्वारीवरून सुचलेली टेलर्ड जॅकेट्स. सुरुवातीला मी जे केलं तेच बहुतेक जण करतात. नेटवरून 'रायडिंग जॅकेट' म्हणून जे जे दिसलं ते एका बोर्डवर चिकटवलं आणि त्यातून जे आवडलं ते एकत्र केलं: लाल जाड लोकर, तिरपे खिसे, चिन्ह कोरलेली पितळी बटणं, मागे लांब कट. पहिला नमुना पाहून आमच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "हा स्वार निघालाय कुठे?" मला उत्तर देता आलं नाही, कारण त्या एका जॅकेटात दोन वेगळ्या स्वारांचे कपडे होते. एक हॅकिंग जॅकेट, दुसरा हंट कोट. फोटोत दोन्ही सारखेच वाटतात. दोन्ही इंग्लंडचे, दोन्ही कंबरेत आवळलेले आणि खाली घेर सोडलेले, दोन्हींच्या मागे एकच मधला कट. तरी त्यांचा जन्म दोन वेगळ्या कामांतून झाला आहे.

'हॅक' म्हणजे रोजच्या फिरण्याचा घोडा, आणि हॅकिंग म्हणजे त्याच्यावर बसून रानवाटेने रमतगमत जाणं. स्पर्धा नाही, घाई नाही. कधी कदम चालीने, कधी दुडक्या चालीने, वाटेत कुणी भेटलं तर थांबून बोलायचं. असा माणूस खिशात हात घालतो, रुमाल काढतो, सुटे पैसे काढतो. म्हणून हॅकिंग जॅकेटची खरी ओळख त्याच्या खिशात आहे. खिसा तिरपा असतो: पुढचं टोक वर, मागचं खाली. खोगिरावर अंग पुढे झुकलं की हीच तिरपी रेघ जवळजवळ आडवी होते, तोंड दुमडीच्या वर राहतं आणि हात सरळ आत जातो. वरचं झाकण घोडा उसळला तरी आतली वस्तू बाहेर पडू देत नाही. काही जॅकेटांना उजव्या खिशाच्या वर आणखी एक छोटा खिसा असतो, त्याला तिकीट पॉकेट म्हणतात. तो रेल्वेच्या जमान्यात तिकीट ठेवायला आला.

मागच्या कटाचंही तसंच आहे. आपल्याकडे लग्नासाठी शिवलेल्या सुटाला बहुधा दोन बाजूंना दोन कट असतात. ते घालून खोगिरावर बसलं तर मधला तुकडा बुडाखाली येतो आणि चुरगळतो. मधला एकच कट खोल, अगदी कंबरेजवळ पोचेल इतका घेतला, की कापड दोन्हीकडे सारखं वाटलं जातं आणि मांडीवरून खाली पडतं. मूळचं हॅकिंग जॅकेट ट्वीडचं, म्हणजे खरखरीत जाड लोकरी कापडाचं, तीन बटणांचं. कॉलर उभी करून गळा बंद करायला कधी कधी तिला एक छोटी पट्टीही असते. ती शोभेची नाही, वाऱ्यासाठी आहे.

हंट कोटाचा स्वार मात्र एकटा नसतो. तो शिकारी कुत्र्यांच्या टोळीमागे, पन्नास जणांसोबत, पावसाळी थंडीत, कुंपणांवरून घोडा उडवत भरधाव जाणारा. त्याचे दोन्ही हात लगामात असतात. खिशाशी त्याचं फारसं काम नसतं, खाण्याचा डबाही खोगिराला अडकवलेला असतो. म्हणून हंट कोटाचे खिसे बहुधा सरळ असतात. लांबी हॅकिंग जॅकेटपेक्षा जास्त, मांडी झाकेल अशी. कापड जाड आणि घट्ट, काटेरी झुडपातून गेलं तरी न फाटणारं. त्यातलं नावाजलेलं मेल्टन. लोकर विणून झाल्यावर ती इतकी आटवतात आणि कुटतात की वीण दिसेनाशी होते, वारा शिरत नाही, पाणी लवकर झिरपत नाही. लेस्टरशायरमधलं मेल्टन मोब्रे हे कोल्ह्याच्या शिकारीसाठी प्रसिद्ध गाव, त्यावरून हे नाव.

दुसरा फरक डोळ्यांना लगेच दिसत नाही, पण मला तो सगळ्यात मोठा वाटतो. हंट कोट हा गणवेश आहे. लाल कोट कुणी घालायचा, काळा कुणी, कॉलरला कोणता रंग, हे सगळं ठरलेलं. बटणांवर त्या त्या हंटचं, म्हणजे शिकार मंडळाचं, चिन्ह कोरलेलं असतं आणि ते बटण लावायचा मान मिळवावा लागतो. ढोबळ प्रथा अशी की लाल कोटावर साध्या सभासदाची तीन बटणं, प्रमुखाची चार, कुत्री सांभाळणाऱ्या नोकरवर्गाची पाच. ठिकाणानुसार त्यात फरक पडतो. त्या लाल रंगाला ते लोक 'पिंक' म्हणतात. पिंक नावाच्या शिंप्यावरून ते नाव पडलं अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण तिला पुरावा नाही, म्हणून प्रकल्पाच्या वहीत ती खरी म्हणून लिहू नका. आणि ज्या शिकारीसाठी हा कोट होता, ती कुत्र्यांकडून कोल्हा मारण्याची शिकार इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने, फेब्रुवारी २००५ पासून बंद आहे. लाल कोट आणि कोरीव बटणं घेताना हा सगळा इतिहास आपण सोबत घेतो. मी पहिल्या नमुन्यात तो न कळता घेतला होता. आता नको वाटतो.

गोंधळ होण्याचं एक खरं कारणही आहे. शिकारीचा मुख्य हंगाम सुरू होण्याआधी, शरद ऋतूत, तेच लोक लाल-काळे कोट न घालता ट्वीडचं जॅकेट घालून निघायचे. या साध्या पोशाखाला 'रॅटकॅचर' म्हणतात. म्हणजे कुत्र्यांच्या टोळीमागे ट्वीडमधला माणूस दिसला तर फोटो चुकीचा नसतो, पण ते जॅकेट हंट कोटही नसतं. कापडाकडे आणि खिशाकडे बघा, लगेच कळतं.

आपल्याकडे यात 'जोधपुरी' हा शब्द आणखी भर घालतो. आपण जोधपुरी म्हणतो तो बंद गळ्याचा कोट. इंग्रजीत जोधपूर म्हणजे घोडेस्वारीची विजार, जोधपूरच्या सर प्रताप सिंहांमुळे १८९७ च्या सुमारास इंग्लंडला माहीत झालेली. दोन्ही नावं एकाच शहराची, कपडे वेगळे.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं एक कापड आहे, टॅटरसॉल चेक. फिकट जमिनीवर दोन रंगांच्या बारीक रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या. स्वारीच्या कोटांच्या अस्तराला आणि आतल्या वेस्टकोटाला तो फार वापरतात. रिचर्ड टॅटरसॉलने १७६६ मध्ये लंडनला घोड्यांचा बाजार सुरू केला. तिथल्या घोड्यांच्या अंगावर टाकायच्या झुलींवर हे चौकडे असत, आणि बाजाराचं नाव कापडाला मिळालं. हे वाचलं तेव्हा मी सारंगखेड्याची स्केचबुकं पुन्हा काढून बसले. घोड्यांच्या बाजारातून एका चौकड्याचा जन्म होऊ शकतो, तर आपल्या बाजारातल्या झुली, तंगाच्या पट्ट्या, गोंडे यांच्याकडे मी नुसती सजावट म्हणून का बघत होते? आता माझं अस्तर तिथल्या एका झुलीच्या पट्ट्यांवरून काढलं आहे.

बाकी निवड सोपी झाली. मेल्टन खानदेशात डिसेंबरच्या पहाटेही जड होईल, एप्रिल-मेचं तर बोलायलाच नको. आकार मी हॅकिंग जॅकेटचाच घेतला. कापड जाड सुती, आमच्याच भागातल्या कापसाची आठवण ठेवणारं, आणि फक्त कॉलरच्या खाली घोंगडीचा तुकडा. साक्रीकडचे ठेलारी मेंढ्यांमागे निघतात तेव्हा त्यांचा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो आणि अंगावर घोंगडी. चिंचोक्याची खळ लावलेली ती लोकर हाताला ट्वीडपेक्षा खरखरीत लागते, पण वाऱ्याला अडवते. बटणं साधी, शिंगाच्या रंगाची, तीन.

ट्रायल शहाद्याच्या टेलरकाकांकडे घेतली. त्यांनी आयुष्यभर सफारी आणि नवरदेवाचे कोट शिवलेत. कागदावरचा नमुना बघून त्यांनी विचारलं, "हाऊ खिसा वाकडा काब्र शे?" (हा खिसा वाकडा का आहे?) मी तोंडाने समजावत बसले नाही. मांजरपाटाचं कच्चं जॅकेट अंगात घातलं, दुकानातल्या बाकावर दोन्हीकडे पाय टाकून बसले आणि लगाम धरल्यासारखे हात पुढे घेऊन झुकले. म्हटलं, काका, आता जिथे हात सहज जातो तिथे खडूने जमिनीला समांतर रेघ मारा. त्यांनी चष्मा पुढे ओढला, दोन्ही बाजूंना रेघ मारली, कटाजवळ कापड दोन्हीकडे नीट पडतंय का तेही हात फिरवून पाहिलं. मग मी उभी राहिले. आरशात दोन्ही रेघा तिरप्या होत्या, पुढचं टोक मागच्यापेक्षा चांगली दोन बोटं वर. काकांनी टेप लावून ते अंतर मोजलं आणि माझ्या वहीत स्वतः लिहून दिलं.