नॅनोकण गाळणीतून निसटतात का?

नॅनोतंत्रज्ञानाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास ऐकू येतो: हे कण इतके सूक्ष्म आहेत की ते कोणत्याही गाळणीतून निसटतील, मग त्यांच्यापासून बचाव करायचा तरी कसा? चाळणीच्या अनुभवावरून हा तर्क बिनचूक वाटतो. पण हवेचा फिल्टर चाळणीसारखे काम करत नाही, आणि तो कसे काम करतो हे कळले की नॅनोकणांचा धोका नेमका कुठे आहे हेही कळते.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. हवेतले अतिसूक्ष्म कण अडवणारा हेपा फिल्टर हा बहुधा काचेच्या अतिशय बारीक तंतूंचा गुंता असतो आणि त्यातल्या फटी नॅनोकणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. कण फटीत अडकत नाही. तंतूला त्याचा नुसता स्पर्श झाला तरी रेणूंमधील आकर्षणामुळे तो तिथेच चिकटतो. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो, की कण तंतूला टेकणार का? एका मायक्रोमीटरहून, म्हणजे हजार नॅनोमीटरहून, मोठा कण जड असतो, म्हणून हवा तंतूला वळसा घालून गेली तरी तो सरळ जाऊन आदळतो. नॅनोकणाला मात्र हवेचे रेणू चहूबाजूंनी धक्के देत असतात, आणि तो इतका हलका असतो की एखाद्या बाजूने थोडे अधिक धक्के बसले तरी त्याची वाट बदलते. हीच ब्राऊनीय गती, जिचे गणित आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडले. कण जितका लहान, तितके त्याचे भरकटणे अधिक आणि तंतूला टेकण्याची शक्यताही अधिक. फिल्टरला खरे अवघड जातात ते साधारण ०.१ ते ०.३ मायक्रोमीटरचे मधले कण, कारण ते आदळण्याइतके जड नसतात आणि भरकटण्याइतके हलकेही नसतात. म्हणूनच हेपा फिल्टरची कसोटी ०.३ मायक्रोमीटरच्या कणांवर घेतात आणि त्याने त्यांतले किमान ९९.९७ टक्के अडवावेत अशी अपेक्षा असते. १० नॅनोमीटरचा कण त्याच्या हाती याहून सहज लागतो.

हेच भौतिकशास्त्र आपल्या फुप्फुसालाही लागू पडते, आणि काळजीचे कारण इथेच आहे. श्वासातून आत गेलेले ०.३ मायक्रोमीटरच्या आसपासचे बहुतेक कण उच्छ्वासाबरोबर परत बाहेर पडतात. २० नॅनोमीटरच्या कणांपैकी मात्र सुमारे निम्मे वायुकोशांच्या भिंतींवर जाऊन बसतात. शिवाय एका मायक्रोमीटरच्या एकाच गोळ्याच्या वजनात १० नॅनोमीटरचे १० लाख गोळे होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ १०० पट भरते. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडतात, म्हणून केवळ वजन मोजून धोका ठरवणे पुरेसे नाही. कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेने २०११ साली कामाच्या जागी हवेत असलेल्या टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या भुकटीसाठी कमाल मर्यादेची शिफारस केली, ती याच विचाराने: साध्या बारीक कणांसाठी घनमीटरमागे २.४ मिलिग्रॅम, नॅनोकणांसाठी ०.३ मिलिग्रॅम. पदार्थ एकच, मर्यादा आठपट कडक.

तेव्हा सुरक्षित वापराचा पहिला नियम म्हणजे कण हवेत उडू न देणे. कोरड्या भुकटीऐवजी द्रवात कालवलेले मिश्रण वापरावे, भुकटी हाताळायचीच असेल तर बंदिस्त कपाटात हाताळावी, सांडलेली झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी किंवा हेपा फिल्टर असलेल्या यंत्राने ओढून घ्यावी. मुखपट्टीचा क्रम यानंतर लागतो, आणि तिची कड चेहऱ्याला घट्ट बसत नसेल तर उत्तम फिल्टरही निरुपयोगी ठरतो, कारण हवा फटीतून आत येते.

‘नॅनो’ या शब्दाला भुलू नये आणि त्याचा बाऊही करू नये. जर्मनीत २००६ साली नावात ‘नॅनो’ मिरवणारा एक सफाईचा फवारा वापरून सुमारे शंभर जणांना श्वसनाचा त्रास झाला, तेव्हा सगळा दोष नॅनोकणांना देण्यात आला. तपासणीत त्या फवाऱ्यात नॅनोकण सापडलेच नाहीत.

वस्तू घेताना विचारायचे ते हे, की कण कोणत्या रूपात आहे. युरोपीय संघाच्या ग्राहक सुरक्षाविषयक वैज्ञानिक समितीने २०१३ साली ठरावीक निकषांत बसणारे टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण उन्हापासून बचाव करणाऱ्या मलमात २५ टक्क्यांपर्यंत वापरण्यास हरकत घेतली नाही. तेच कण श्वासात जाऊ शकतील अशा फवाऱ्यात मात्र वापरू नयेत, असे तिने सांगितले.